मी फारशी बोलत नाही, मला सेल्स जमेल का?

सॉफ्टवेअर कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये चार वर्षं काढलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिथेच अकाउंट एक्झिक्युटिव्हची, म्हणजे विक्री करणाऱ्याची, जागा निघाली होती आणि साहेब म्हणत होते, अर्ज कर. ती अडून बसली होती. "मॅडम, चारचौघांत बोलायला मी बिचकते. सेल्सवाल्यांसारखं भुरळ पाडणारं बोलणं मला कुठून येणार?"

मी विचारलं, चिडलेल्या ग्राहकाचा फोन आला की काय करतेस? "आधी ऐकून घेते. मग काम नेमकं कुठे अडलंय ते विचारते."

विक्रीची पहिली बैठक याहून फार वेगळी नसते. लीड, म्हणजे घेण्याची शक्यता असलेले ग्राहक, शोधून आणणारे बहुधा दुसरे असतात. अकाउंट एक्झिक्युटिव्हने पुढचं सांभाळायचं : गरज समजून घेणं, डेमो, भावाची घासाघीस, समोरच्या अकाउंट्स आणि कायदा विभागाच्या शंका, आणि सही होईपर्यंतचा फॉलो-अप. यात चिकाटी आणि नोंदी ठेवायची शिस्त लागते. २०१३ साली अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विक्री ना बडबड्यांची होती, ना अबोलांची. ती मधल्या स्वभावाच्यांची होती. (बडबड्या विक्रेत्याला आपण सगळेच कधी ना कधी कंटाळलोय, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही.)

खरी भीती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. घराचा हप्ता. ऑफरमधला आकडा मोठा होता, पण त्यातला निम्मा पगार व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट पूर्ण झालं तरच. मी तिला फक्त फिक्स्ड पगारावर सहा महिन्यांचा हिशोब मांडायला लावला. ओढाताण होत होती. मग साहेबांना विचारायचे प्रश्न आम्ही लिहून काढले. गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट गाठलं? नव्या माणसाला सुरुवातीला टार्गेट कमी असतं का? ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर दिलेला इन्सेंटिव्ह कापून घेता का? पहिल्या प्रश्नाला साहेबांनी बगल दिली. तिने पुन्हा विचारला. उत्तर आलं, निम्म्याहून कमी. अशा उत्तराने बिचकून जाऊ नये, पण आपला हिशोब त्याच उत्तरावर करावा.

नकार पचवण्याचं काय, ते मात्र माझ्या खोलीत बसून ठरणार नव्हतं. तिला म्हटलं, एखाद्या सीनियरबरोबर काही दिवस कॉलवर नुसती बस. परत आली तेव्हा म्हणाली, "नाही म्हणणारे परवडले. 'कळवतो' म्हणून गायब होणारे जास्त त्रास देतात." कामाची नाडी तिला सापडली होती.

पहिल्या दोन तिमाही कमी टार्गेट द्या, आणि तसं लेखी द्या, असं तिने मागितलं. एक तिमाही मिळाली. ती हो म्हणाली, पण सहा महिन्यांचे हप्ते साठेपर्यंत रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून घेतली. साहेब थोडे कुरकुरले, इतकंच.