दूध पुरतंय का, ते लंगोट सांगतो

या महिन्यातल्या बऱ्याच पत्रांवर वेळ घातलेली आहे. रात्रीचे अडीच, पहाटेचे चार. मी २६ वर्षं प्रसूती कक्षात परिचारिका होते आणि त्यातला मोठा काळ रात्रपाळीत गेला, त्यामुळे ही वेळ माझ्या चांगली ओळखीची आहे. दिवसा साधी वाटणारी शंका त्या वेळी आपल्या आईपणाचा निकाल वाटायला लागते. म्हणून आजची उत्तरं जमेल तिथे मोजता येतील अशा गोष्टींत देते. रात्री अडीच वाजता मोजणं जमतं, विचार करणं जमत नाही.

ताई, माझं बाळ १८ दिवसांचं आहे. संध्याकाळी सहापासून दहापर्यंत ते सारखं अंगावर असतं, सोडवलं की रडतं. छाती पहिल्यासारखी भरून येत नाही, मऊ पडली आहे. सासूबाई म्हणतात दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. काल दिलं तर बाळ ६० मिली गटागटा प्यायलं आणि गाढ झोपलं. म्हणजे इतके दिवस ते उपाशीच होतं ना? मला माझीच लाज वाटते.

लाज कसली गं? पत्रात तू खूप काही लिहिलंस, पण एक गोष्ट राहिली: बाळ दिवसातून किती वेळा शू करतं? आत किती दूध गेलं ते आपल्याला दिसत नाही. बाहेर काय येतं ते दिसतं, आणि ते खोटं सांगत नाही.

पहिल्या दिवशी एखादा ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान सहा चांगले भिजलेले लंगोट हवेत. शू फिकट रंगाची असावी. शी पहिले एक-दोन दिवस काळी, डांबरासारखी चिकट असते, मग हिरवट होते आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं, सात टक्क्यांपर्यंत तर सहज, आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढ बघायची. तुझं बाळ १८ दिवसांचं आहे, तेव्हा एकदा त्याला कपडे काढून काट्यावर ठेव. पुढच्या वेळीही तोच काटा वापर, कारण दोन काट्यांत फरक निघाला की उगाच जीव टांगणीला लागतो.

आता तू सांगितलेल्या तीन खुणांकडे येते. संध्याकाळी तासन् तास अंगावर राहणं ही पुष्कळ बाळांची रीत असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्यांची भूक एकदम वाढते. छातीचं म्हणशील, तर सुरुवातीच्या दिवसांतल्या कडकपणात थोडी सूजही असते. बाळाला किती लागतं याचा अंदाज शरीराला आला की छाती मऊ होते. दूध बसल्याची ती खूण आहे, आटल्याची नाही. राहिलं ते ६० मिली. बाटलीतून दूध आपोआप येत राहतं आणि तोंडात काही आलं की ओढायचं, हे बाळ जन्मतःच घेऊन येतं. पोट भरलेलं बाळही बाटली संपवतं आणि पोट जड झालं की झोपतं. त्यावरून ते आधी उपाशी होतं असं ठरत नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घे, कारण खरं नुकसान इथे होतं. जेवढं दूध ओढून घेतलं जातं, तेवढंच शरीर पुन्हा तयार करतं. छातीत दूध साठून राहिलं की शरीर समजतं, एवढं लागत नाही. बाळाला बाटली दिली आणि त्या वेळी छाती रिकामी केली नाही, की दुसऱ्या दिवशी दूध थोडं कमी येतं. मग आणखी बाटली, आणखी कमी दूध. नसलेली कमतरता अशी आठ-दहा दिवसांत खरीच होऊन बसते. मी हे कक्षात फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे.

माझी थोरली झाली तेव्हा या कामात मला चार वर्षं झाली होती. तरी बाराव्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते, कारण पंपाने जेमतेम ३० मिली निघालं होतं. पंपात निघतं तेवढंच आपल्याला येतं असं नसतं, बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं, हे मी रोज दुसऱ्या बायकांना सांगत होते. स्वतःच्या वेळी ते आठवलंसुद्धा नाही. सकाळी आमच्या मोठ्या सिस्टरांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "काल लंगोट किती बदललेस?" मी म्हटलं, आठ. "मग झोप आता," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी खरंच झोपले.

दूध खरोखर कमी पडतं असंही होतं. लंगोट सहापेक्षा कमी भिजत असतील, वजन वाढत नसेल, पाचव्या दिवसानंतरही शी पिवळी झाली नसेल किंवा बाळ इतकं सुस्त असेल की पाजायला उठवूनही उठत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा. अशा वेळी वरचं दूध लागतं आणि ते देण्यात कमीपणा नाही. प्रसूतीत फार रक्त गेलेलं असेल, थायरॉइडचा त्रास असेल, तर आईने कितीही जीव तोडला तरी दूध पुरेसं येईलच असं नसतं. पण आधी बाळाची पकड कोणाकडून तरी बघून घे. तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली हवी आणि नुसती बोंडशी नाही, भोवतीचा काळसर भागही पुष्कळसा तोंडात हवा. पाजताना सारखं दुखत असेल किंवा सुटल्यावर बोंडशी चपटी, तिरकी दिसत असेल, तर पकड चुकते आहे. ती सुधारली की बऱ्याच जणींचं रडणं तिथेच थांबतं, आईचंही आणि बाळाचंही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांनाही बाळाचीच काळजी आहे. त्यांच्या हातात एक वही दे आणि म्हण, "आई, आजपासून ओल्या लंगोटांची नोंद तुम्ही ठेवा." दोन दिवसांत आकडा त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. तो सहाच्या वर असेल तर तुझ्या बाजूने त्याच बोलतील.

३५ वा आठवडा चालू आहे. कालपासून बाळ नेहमीपेक्षा कमी फिरतंय असं वाटतं. जाऊबाई म्हणाल्या, शेवटी शेवटी पोटात जागा उरत नाही, तसंच होतं. डॉक्टरांनी गुरुवारी बोलावलंय. तोवर थांबू का?

हे पत्र हाती आलं त्याच दुपारी संपादकांनी तुला फोन केला. तू गेलीस, ठोक्यांची तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. फोनवर तू म्हणालीस, "उगाच सगळ्यांना त्रास दिला." तुझा प्रश्न छापला तो या एका वाक्यासाठी.

तू कोणालाही त्रास दिला नाहीस. हालचाल कमी वाटली म्हणून आलेली आणि सगळं ठीक निघालेली बाई घरी परत जाताना पाहणं, हा कक्षातला चांगला दिवस असतो. ज्या बायका "उद्या बघू" म्हणून थांबल्या, त्यांच्यातल्या काही जणी मला आजही आठवतात.

शेवटच्या महिन्यांत जागा कमी होते हे खरं. त्याने हालचालीची जात बदलते: लाथांऐवजी कुशी बदलल्यासारखं, ताणल्यासारखं जाणवतं. हालचाल कमी व्हायला मात्र नको, अगदी कळा सुरू होईपर्यंत. पोटातलं बाळ झोपतं तेही एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटं, दीड तासाच्या वर क्वचितच. किती लाथा म्हणजे पुरेशा, याचा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. २८ व्या आठवड्यापर्यंत तुझ्या बाळाची आपली एक लय बसलेली असते आणि ती तुझ्याइतकी कोणाला माहीत नसते. ती लय मोडली तर जायचं. शंका असेल तर कुशीवर पडून, हातातलं सगळं बाजूला ठेवून नीट लक्ष दे. तरीही वेगळं वाटलं तर त्याच क्षणी नीघ, मग रात्र असो की सुट्टी. गोड खाऊन वाट बघत बसू नकोस. घरी ठोके ऐकायचं यंत्र असेल तर त्यावरही विसंबू नकोस. ठोके ऐकू आले म्हणजे बाळ ठीक आहे असं नसतं, आणि घरच्या यंत्रात कित्येकदा आईचेच ठोके ऐकू येतात.

पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा. दुसऱ्यांदा जायला बायका फार संकोचतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. विंचरताना केसांचे पुंजके हातात येतात. टक्कल पडेल का?

नाही पडणार. गरोदरपणात वाढलेल्या संप्रेरकांमुळे रोज गळायचे केसही डोक्यावरच राहतात. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांत ते सगळे मिळून गळतात. बाळ वर्षाचं होईतो बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. त्यानंतरही गळत राहिले किंवा सोबत धडधड, फार थकवा असं काही असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. महागडी तेलं घेऊ नकोस.

माझ्या बायकोला बाळंत होऊन सात आठवडे झाले. ती आता रडतही नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, छताकडे बघत पडून राहते. परवा म्हणाली, "माझ्याशिवाय तुमचं दोघांचं बरं चालेल." आई म्हणते बाळंतपणानंतर सगळ्याच हळव्या होतात. मी तिच्याशी काय बोलू?

तुम्हालाही आम्ही लगेच फोन केला. तिला डॉक्टरांना दाखवलंत आणि उपचार सुरू झाले, हे कळलं. घरात असं कोणी असलेल्या इतर वाचकांसाठी हे छापण्याची परवानगी तुम्ही दोघांनी दिलीत, याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या आई म्हणतात ते हळवेपण असतंच. संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू यायला लागतं. निम्म्याहून अधिक बाळंतिणी यातून जातात. पण ते दोन आठवड्यांत ओसरतं. सात आठवडे म्हणजे ते नव्हे. बाळ झोपलेलं असताना आईला झोप न येणं हे मला नेहमी रडण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटत आलं आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य दर आठ-दहा जणींत साधारण एकीला होतं. तो आजार आहे आणि बरा होतो. हे नैराश्य वेळीच हेरण्यासाठी १९८७ साली एडिंबरा प्रश्नावली आली, आज ती जगभर वापरतात. तिच्यात गेल्या सात दिवसांबद्दलचे दहाच प्रश्न आहेत आणि दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिच्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांपर्यंत पोचायला ती पुरते.

तो दहावा प्रश्न घरातल्या माणसानेही विचारावा. "जीव द्यावासा वाटतो का तुला?" असं सरळ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. उत्तर हो आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. आणखी एक अवस्था क्वचित येते, हजारात एक-दोघींना: नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाबद्दल भलत्याच कल्पना मनात येतात, झोपेशिवाय विलक्षण उत्साह येतो, बोलणं तुटक होतं. तेव्हा तासभरही थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं.

काय बोलू, असं विचारलंत. "एवढं छान बाळ आहे, तुला काय कमी आहे?" हे कोणालाही म्हणू देऊ नका. तिला ते माहीत आहे, आणि तरी आनंद होत नाही याचंच तिला ओझं झालं आहे. "तू आजारी आहेस, तुझं काही चुकलेलं नाही, मी इथेच आहे," एवढं पुरे. रोज म्हणा, ती गप्प राहिली तरी म्हणा. औषधांमुळे अंगावरचं दूध तोडावं लागेल अशी भीती तिला वाटत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा. पाजताना चालतील अशी औषधं आहेत. आपल्या मनाने मात्र गोळी बंद करू नका.

रात्रीचे सलग चार-पाच तास बाळ तुमचं. पाजून झालं की दुसऱ्या खोलीत घेऊन जा, ढेकर काढा, लंगोट बदला, फिरवा. तिच्या खोलीचं दार लावून घ्या. बापालाही नैराश्य येऊ शकतं, तेव्हा आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या आईंकडे सोपवा. हळवेपणाबद्दल त्या जे बोलल्या ते मनाला लावून घेऊ नका, त्यांच्या वेळी त्यांना कोणी काही विचारलंच नसेल.

ती कशी आहे ते महिन्याभराने कळवा. पाकिटावर "सिस्टरांसाठी" एवढं लिहिलंत की ते न फोडता माझ्याकडे येतं.