वाचक विचारतात : स्कॅनर क्रेडलवर, तरी चार्ज होत नाही

प्रश्न : आमच्या औषधांच्या दुकानात दोन बिनतारी बारकोड स्कॅनर आहेत. रात्रभर क्रेडलवर (चार्जिंगच्या स्टँडवर) ठेवूनही सकाळी एखादा बंदच सापडतो. दाबून धरला की दिवा लागतो, सोडला की विझतो. नवी बॅटरी घालूनही फरक नाही. दोन्ही रोज सॅनिटायझरने पुसतो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दाबल्यावर दिवा लागतो, म्हणजे बॅटरीवर संशय घेण्याआधी क्रेडलमधल्या स्प्रिंगच्या पिना आणि स्कॅनरच्या बुडाच्या पितळी रंगाच्या टिकल्या पाहा. तिथे बहुधा चिकट थर बसला आहे, आणि तो तुमच्या सॅनिटायझरचाच असू शकतो. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असते. अल्कोहोल उडून जाते, ग्लिसरीन मागे राहते, धूळ धरते आणि हवेतला ओलावा ओढते. कोकणातल्या पावसाळ्यात चोवीस तास वीज चालू असलेल्या पिनांवर असा ओला थर राहिला की धन बाजूची पीन आधी खराब होते. हिरवट डाग दिसला, तर गंज सुरू झालाच म्हणून समजा.

आधी अडॅप्टर भिंतीतून काढा, स्कॅनरची बॅटरीही काढा. ९० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते ‘आयपीए’ म्हणून मिळते. ७० टक्केवाले जंतूंसाठी उत्तम, पण त्यातले पाणी वाळायला वेळ लागतो. कापसाची काडी भिजवून निथळू द्या, पिना पुसा, आणि काडी काळी यायची थांबेपर्यंत नव्या काड्या घ्या. मग काडीच्या टोकाने प्रत्येक पीन दाबून पाहा, ती आपणहून वर आली पाहिजे. अडकली तर एक थेंब टाकून दहा-बारा वेळा दाबा. तरीही खालीच राहिली तर पीन बदलून घ्यावी लागेल. पंधरा मिनिटे वाळवल्याशिवाय वीज जोडू नका.

सँडपेपर किंवा ब्लेड कधीही लावू नका. वरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो गेला की आतला धातू उघडा पडतो आणि गंज दुप्पट जोमाने धरतो.

बाहेरची बाजू ७० टक्के आयपीएने ओलसर केलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. द्रव थेट उपकरणावर फवारू नका, तो बटणांच्या फटीतून आत जातो. समोरची काच बहुधा प्लॅस्टिकची असते. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने ती तडकते, कोरड्या फडक्याने चरे पडतात, आणि मग बारकोड वाचायला वेळ लागतो. पिना महिन्यातून एकदा पुसा, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

जुनी बॅटरी सपाट काचेवर ठेवून पाहा. डुलली तर ती फुगली आहे. टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलन केंद्रात द्या. डुलली नाही, तर ती राखीव म्हणून उपयोगी पडेल.

प्रश्न : फोनची टाइप-सी वायर हलवली तरच चार्जिंग होते. पोर्ट बिघडला का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी तळ तपासा. खिशातला कापसाचा भुगा दाबून बसला की वायर पूर्ण आत जात नाही. फोन बंद करा, लाकडी दातकोरणे चपटे तासा आणि मधल्या पट्टीला न लावता कडेकडेने भुगा ओढून काढा. त्या पट्टीवरच कॉन्टॅक्ट असतात, म्हणून सुई नको. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचा ओलावा आत जातो. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर पुरेसा आहे. भुगा निघूनही वायर सैल वाटली, तर आधी दुसरी वायर लावून पाहा. वायरचे टोक पोर्टच्या आधी झिजते.