वाचक विचारतात : जेकब लॉरेन्स वर्गात

प्रश्न : सातवीच्या मुलांना कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्सची ओळख कशी करून द्यावी?
– एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : जन्म-मृत्यूच्या सनावळीत अडकू नका, थेट त्याची स्थलांतर चित्रमाला दाखवा. अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत गेलेल्या कृष्णवर्णीयांची ही ६० चित्रं त्याने १९४१ मध्ये पूर्ण केली. प्रत्येक चित्राखालच्या ओळी आधी लिहिल्या, मग एकेक रंग सगळ्या चित्रांत भरला, गडदाकडून फिक्याकडे. म्हणून माला एकजीव दिसते.

तेलंगणातून मागावर विणकाम करायला आलेल्या घरांतली मुलं तुमच्या वर्गात असतीलच. आपलं घर इथे कसं आलं हे आजीला विचारून प्रत्येकाने एक ओळ लिहावी, एक चित्र काढावं. पोस्टर रंग झाकणाच्या डबीत एकदाच कालवा; पुन्हा कालवला की छटा बदलते. पातळ कागद सुरकुततो, जाड कार्डशीट घ्या.