हाताला कळतं म्हणजे काय?

(पत्र थोडक्यात: सोलापूरच्या एका वडिलांचं आहे. अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलचे आठ लूम (यंत्रमाग), वरच्या मजल्यावर घर. मुलगी इथल्याच कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. टेक्सटाइलच्या एका इरास्मस मुंडुस मास्टर्सला (युरोपातल्या एकाहून जास्त देशांत मिळून शिकवला जाणारा कोर्स) तिने गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत अर्ज भरला, आता शॉर्टलिस्ट झालीये आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वीस मिनिटांचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. वडिलांनी एजंटच्या मदतीने ६२ प्रश्नोत्तरं तयार करून पाठ करायला दिलीत. आणखी कोणते प्रश्न येतील, आणि लॅपटॉपच्या मागे बसून कार्डं दाखवली तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.)

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना आनंद झाला, आपल्या गावच्या पोरीला असं बोलावणं येणं ही साधी गोष्ट नाहीये. दुसऱ्यांदा वाचताना मात्र पोटात गोळा आला, कारण चार पानी पत्रात तुमच्या लेकीचं स्वतःचं वाक्य फक्त एक आहे, "पप्पा तुम्ही म्हणाल तसं."

रात्री साडेनऊला जेवणं उरकली की तुम्ही मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसता, ती समोर उभी राहून उत्तरं म्हणते, एक शब्द इकडचा तिकडे झाला की परत पहिल्यापासून, आणि हे साडेअकरा वाजेपर्यंत चालतं, गेले पंधरा दिवस. तिची आई म्हणते की पोरगी नीट जेवत नाहीये, हे तुम्ही कंसात लिहिलंय. कंसात! मला तर अख्ख्या पत्रात तेच वाक्य सगळ्यात मोठं दिसलं. बाकी प्रश्नांची उत्तरं मी देईन, पण आज रात्रीपासून ते स्टॉपवॉच बंद करा. मी विनंती करत नाहीये, सांगतेय.

समाजात सगळ्यांना सांगून टाकलंय, आता नाही झालं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही असं तुम्ही म्हणता. भाऊ, सांगितलं तुम्ही आणि निस्तरायचं तिने? बावीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर वीस मिनिटांसाठी अख्ख्या पाहुण्यारावळ्यांची अब्रू ठेवली तर तिला साधं स्वतःचं नाव तरी धड सांगता येईल का. कोणी विचारलं तर म्हणा, इंटरव्ह्यू आहे, बघू. एवढंच.

अजून एक गोष्ट खटकली. युनिव्हर्सिटीचे मेल तुमच्या मोबाईलवर येतात, पासवर्ड तुमच्याकडे, उत्तरं एजंट लिहितो. म्हणजे ज्या मुलीला तुम्ही दोन वर्षं परदेशात एकटी पाठवायला निघालात, तिच्या नावाचा मेल तिला उघडता येत नाही. तो आजच तिच्या ताब्यात द्या.

आता कार्डांचं. नाही चालणार. नियमाचं राहू द्या, पण समोर प्राध्यापक लोक असतात, दरवर्षी ढिगाने मुलं बघतात, डोळे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकायला लागले की त्यांना लगेच कळतं. माझ्याकडे मार्गदर्शनाला येणारा एक मुलगा होता, त्याचे वडील असेच दाराआड उभे राहून हळूच सांगत होते, पॅनेलवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं की खोलीत अजून कोणी आहे का. तो 'नाही' म्हणाला आणि तेवढ्यात वडील खोकले. पुढची दहा मिनिटं त्या मुलाने कशी काढली असतील त्याचं त्याला माहीत, मला तो नंतर म्हणाला की मॅडम, मला उत्तर येत होतं ओ.

तुमच्या पत्रासोबत एसओपीच्या (हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या निवेदनाच्या) दोन प्रती आल्यात, एक लेकीने लिहिलेली आणि एक एजंटने 'सुधारून' अर्जाला जोडलेली. एजंटच्या प्रतीत ती लहानपणापासून इंडस्ट्री फोर पॉइंट झीरोने, म्हणजे कारखान्यांच्या डिजिटल ऑटोमेशनने, झपाटलेली आहे. असं कोणतं लहान मूल असतं हो? आणि तिच्या मूळ प्रतीत काय आहे, तर टॉवेलच्या लूमवर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (मोठे रूळ) असतात, खालच्या विणीचा ताणा घट्ट असतो आणि लूपचा ताणा सैल, दोन आडवे धागे जरा अलीकडे थांबवतात आणि तिसरा आला की फणी तिघांना एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल धागा उचलला जाऊन लूप तयार होतो. मग ती लिहिते की लूपचा बीम रिकामा होत जातो तसा त्याचा घेर कमी होतो, ब्रेकवरचं वजन तेवढंच राहिलं तर धाग्याला ओढ जास्त बसते आणि लूप बुटका पडतो, म्हणून ते वजन मधूनमधून कमी करावं लागतं. आणि त्यापुढची तिची तीन वाक्यं मी इथे मराठीत देते:

"आमच्याकडे ते वजन पप्पा सरकवतात. किती सरकवायचं ते कशावरून ठरवता असं मी तीनदा विचारलं, ते म्हणाले हाताला कळतं. मला ते हाताला कळणारं मोजायचं होतं."

भाऊ, हे तुम्ही खोडलंत. लाल पेनाने, बाजूला लिहिलंय 'घरगुती वाटतं'. मी त्या खोडलेल्या ओळींकडे कितीतरी वेळ बघत बसले. एवढा स्वच्छ प्रश्न मांडणारी मुलं माझ्याकडे वर्षात दोन-तीन येतात, आणि तिचा हा प्रश्न तुमच्या हातातून आलाय, तुमच्या वीस-पंचवीस वर्षांच्या कामातून आलाय, आणि तुम्हालाच त्याची लाज वाटली? धाग्याचा ताण मोजायला तिने जो लोडसेल (ओढ मोजणारा सेन्सर) बसवला त्या प्रोजेक्टला तुम्ही पत्रात 'किरकोळ' म्हणता आणि इंटरव्ह्यूत त्याबद्दल बोलू नको म्हणता. माझ्या अंदाजाने पॅनेलने तिला बोलावलंय ते सीव्हीत न खोडता राहिलेल्या त्याबद्दलच्या एका ओळीमुळेच. लहानपणापासून झपाटलेले तर त्यांच्याकडे शेकड्याने येतात.

सोलापूर म्हणू नको, पुण्याजवळ म्हण, हेही तुमच्या ६२ मध्ये आहे. अडीचशे किलोमीटर लांब आहे पुणे! टेक्सटाइलच्या माणसांसमोर सोलापूर लपवायचं? जिथे १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, ज्याच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, ते गाव? त्यांना नाव माहीत नसलं तर ती सांगेल की, तो तर बोलायला चांगला धागा आहे.

एम-थ्रीच्या (गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या) एटीकेटीबद्दल विचारलं तर 'आजारी होते म्हण' हे उत्तर मात्र कागदावरूनच फाडून टाका. मार्कशीट त्यांच्या हातात आहे, त्याच सेमिस्टरला बाकीच्या विषयांत तिला चांगले मार्क आहेत, आजारपण एकट्या गणितालाच आलं होतं का? खरं काय झालं ते तिला विचारा, ओरडू नका, फक्त विचारा. ते दोन वाक्यांत सांगायचं, पुढच्या वेळी कसं सोडवलं ते तिसऱ्यात, आणि विषय संपला.

आता तो गैरसमज, जो फक्त तुमचाच नाही तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांचा असतो. तुमच्या ६२ पैकी जवळपास चाळीस प्रश्न व्हिसाच्या इंटरव्ह्यूचे आहेत, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या त्या पीडीएफमधले. शिक्षण झाल्यावर भारतात परत येणार का, वडिलांचं उत्पन्न किती, घर स्वतःचं का, तिकडे नातेवाईक कोण. हे प्रश्न अमेरिकेच्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीवर विचारतात, कारण तिथल्या कायद्यात स्टुडंट व्हिसा मागणारा माणूस तिकडेच राहायला चाललाय असं आधी गृहीत धरलेलं असतं आणि तसं नाही हे आपल्याला पटवून द्यावं लागतं. तिथे दोन-तीन मिनिटांत काम होतं, थोडक्यात आणि ठाम बोललेलं बरं. अॅडमिशनचा इंटरव्ह्यू वेगळा प्राणी आहे. तिथे समोर शिकवणारी माणसं असतात, त्यांना तुमच्या सातबाऱ्यात रस नसतो, त्यांना बघायचं असतं की ही मुलगी विचार कसा करते, आपला कोर्स हिने नीट वाचलाय का, अडली तर काय करते. म्हणून ते मुद्दाम तिला येत नसेल तिथपर्यंत नेतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजला बारावीच्या मुलांचे इंटरव्ह्यू असतात तेही असेच, प्रश्न टाकायचा आणि मूल तो मोठ्याने सोडवत कसं जातं ते ऐकायचं. तिथे पाठ केलेलं उत्तर आडवं येतं, कारण पाठ केलेला माणूस प्रश्न अर्धा झाला की ऐकायचं थांबवतो, डोक्यात त्याचं उत्तर नंबर सतरा सुरू झालेलं असतं. आणि गंमत म्हणजे परदेशातल्या कितीतरी मास्टर्सना असा इंटरव्ह्यूच नसतो, कागदावरच ठरतं. तिला तो मिळालाय म्हणजे तिला स्वतः बोलायची संधी मिळालीये, तीही तुम्ही एजंटच्या तोंडी दिलीत.

अॅक्सेंटच्या क्लासला अठरा हजार भरलेत, परत मिळत असतील तर मागा. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी मुलगी आहे ती. पॅनेलवर तीन देशांतले तीन प्राध्यापक आहेत म्हणता, त्यातल्या एकाची तरी मातृभाषा इंग्रजी असेल की नाही शंकाच आहे. सावकाश बोलली, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारला, बास. आयईएल्ट्सला (इंग्रजीच्या परीक्षेला) ७ आलेत, जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागितलेली नाही.

पैशांचं मात्र तुम्ही आणि तिची आई मिळून आधीच ठरवा, हे तुमचं काम आहे. इरास्मस मुंडुसची स्कॉलरशिप महिन्याला १४०० युरो असते, पण निवड होऊनही स्कॉलरशिप न मिळणं किंवा वेटिंगवर राहणं असं होऊ शकतं. तेव्हा स्वखर्चाने पाठवणार की नाही, हे आत्ता शांत डोक्याने बोलून ठेवा, निकालाच्या दिवशी रात्री बारा वाजता नको.

इथून पुढचं तिच्यासाठी आहे, तिला वाचायला द्या.

बाळा, ती ६२ उत्तरं विसर. एजंटने पाठवलेली एसओपी एकदा नीट वाच, कारण प्रश्न तीवरूनच येतील. ज्या वाक्यामागे तू उभी राहू शकत नाहीस त्याच्यावर विचारलं तर सरळ म्हण की हे फार मोठ्या शब्दांत लिहिलं गेलं, माझं खरं काम अमुक आहे, आणि लूमवर ये. तुझं पहिलं रीडिंग चुकलं होतं का? सेन्सर कुठे बसवला, दुसरीकडे का नाही बसवला? लूपची उंची ताणामुळेच बदलली, धाग्याच्या जाडीमुळे किंवा हवेतल्या दमटपणामुळे नाही, हे तू कशावरून म्हणतेस? हे ते विचारतील. येत नसेल तर 'माहीत नाही, पण मी असं तपासून बघेन' हे अगदी चांगलं उत्तर आहे, ते घाबरून नाही, विचार करून दे. कोर्समधलं दुसरं सेमिस्टर कोणत्या देशात आहे, तिथे कोण काय शिकवतं, हे स्वतः वाच, आणि तुला खरंच पडलेला एखादा प्रश्न त्यांना विचारायला ठेव.

एक काम आजच कर. मेलमध्ये वेळ दुपारी २ सीईटी (मध्य युरोपची वेळ) अशी लिहिलीये. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, त्या रविवारच्या आधी असेल तर आपले संध्याकाळचे साडेसहा, नंतर असेल तर बहुतेक साडेपाच. अंदाज नको करू. दोन ओळींचा मेल स्वतः लिही, स्वतः पाठव, भारतीय वेळ कन्फर्म करून घे. पासपोर्ट टेबलावर ठेव, सुरुवातीला दाखवायला सांगू शकतात. लाइट गेली तर मोबाईलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला असू दे.

भाऊ, परत तुमच्याकडे. तयारी घ्यायचीच असेल तर तुमच्याइतका चांगला परीक्षक तिला सोलापुरात मिळणार नाही, पण खाली लूमवर घ्या. तिला बीमपाशी उभी करा, आणि लूप बुटका का पडतो ते तेलुगूत, मराठीत, जमेल तसं तुम्हाला समजावून सांगायला लावा. तुम्ही फक्त 'का?' एवढंच विचारा. तुमच्या हाताला जे कळतं ते तिच्या आकड्याशी जुळतं का ते दोघं मिळून बघा, नाही जुळलं तर भांडा, तासभर भांडा. मग तेच तिला एकदा इंग्रजीत सांगू दे, न थांबवता, मोबाईल खिशात ठेवून.

आणि लूमचा आवाज वर येतो म्हणून हॉटेलची रूम घ्यायची म्हणताय ती घेऊ नका. तेवढा अर्धा तास तिच्या खोलीखालचे दोन-तीन लूम बंद ठेवा. उरलेल्यांचा थोडा आवाज आलाच तर येऊ दे, कोणी विचारलं तर ती सांगेल की हेच ते लूम. तुम्ही खालीच थांबा, आणि ती स्वतः जिना उतरून येईपर्यंत वर जाऊ नका.