तिसरा गिअरबॉक्स बसवण्याआधी

भाऊ, तुझ्या गाडीचे दोन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेले म्हणून थेट तिसरा आणू नकोस. आधी उतरवलेल्याचा पॅन, म्हणजे खालची तेलाची थाळी, उघड. तेल काळं, करपट वासाचं असेल तर क्लच घसरून जळालेत. धातूचा चुरा सापडला तर पंप किंवा बेअरिंग बघ.

माझा पहिला संशय रीमॅपवर, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या बदलावर. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवला, पण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला जुनाच आकडा सांगत असेल, तर लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब, कमी राहतं आणि क्लच घसरतात. दर वेळी पंपच जात असेल, तर बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं तोंड) डॉवेल पिना, म्हणजे दोन्ही सरळ रेषेत धरणाऱ्या खुंट्या, जागेवर आहेत का बघ. त्या कुणी बघतच नाही! कन्व्हर्टरही (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) पंपात पूर्ण बसल्याशिवाय बोल्ट आवळू नको.

गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर धुतलास का? जुन्याचा चुरा तिथंच दडतो नि नव्याला खातो. मी एकदा आळस केला, गिअरबॉक्सच्या पैशांनी फेडला. वाटलं तर कूलर नवाच टाक, कन्व्हर्टरही.

मग तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत चालव. मे महिन्यात, भर दुपारी, बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढ. १२० अंशांच्या वर जात असेल, तर मोठा कूलर लागणारच.