पाणी घातलं की विरघळणारच ना?

प्रश्न : अमेरिकेतल्या हॅनफर्ड या जुन्या अण्वस्त्र-प्रकल्पाच्या टाक्यांमधला अणुकचरा पाण्याने विरघळवून पंपाने काढतात. मग आधी संगणकावर रासायनिक गणितं कशाला?

उत्तर : रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हा मीही हेच म्हणाले असते! जमिनीखाली 177 टाक्या, त्यांत साधारण 21 कोटी लिटर कचरा. सोडियम नायट्रेट पाण्यात झटकन विरघळतं खरं, पण विरघळताना द्रावण गार करतं. खरी खोड फॉस्फेटची. पाणी कमी पडलं किंवा द्रावण थंड झालं की त्याचे सुईसारखे स्फटिक होतात. स्फटिकात दर फॉस्फेटमागे पाण्याचे साधारण बारा रेणू अडकलेले, त्यामुळे थोडक्या फॉस्फेटनेही नळी तुंबते. अॅल्युमिनियमचं उलटंच : ते कॉस्टिक सोड्याच्या जोरावर विरघळलेलं असतं. जास्त पाणी ओतलंत की सोडा पातळ होतो आणि गिब्साइटचा, म्हणजे घन अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा, साका बसतो. म्हणजे पाणी कमी तरी पंचाईत, जास्त तरी पंचाईत. इतक्या दाट द्रावणात आयन (विद्युतभारित कण) एकमेकांना रेटत असतात, पुस्तकी सूत्रं चालत नाहीत. म्हणून किती पाणी, किती तापमान, हे आधी संगणकावर ताडून पाहतात. तरी एक मेख राहतेच : ही गणितं बहुधा समतोलाची, शेवटी काय होईल ते सांगणारी. गिब्साइट मात्र सावकाश बसतो, कधी कधी नळीतून पुढे गेल्यावर.