‘ख्रिश्चन वर्ल्डव्ह्यू’ला मराठीत काय म्हणावे?

मिरजेच्या एका शिक्षिकाताईंची विचारणा अशी: ‘आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घेतोय. सिनेमा, मोबाइल, पैसा, मैत्री, अभ्यास, सणवार या सगळ्याकडे ख्रिस्ती माणसानं कसं बघावं, हा विषय. हाताशी असलेल्या इंग्रजी पुस्तकांत ‘ख्रिश्चन वर्ल्डव्ह्यू’ पानोपानी येतं. कुणी विश्वदृष्टी सुचवतं, कुणी जगदृष्टी, कुणी म्हणतं सरळ ‘ख्रिस्ती संस्कार शिबिर’ लिहा. फलकावर काय लिहावं?’

ताई, ‘ख्रिस्ती जीवनदृष्टी’ लिहा. कारणे जरा सविस्तर सांगतो, कारण शब्द निवडताना जिथे अडतेय तिथेच मुलांना समजावतानाही अडणार आहे.

‘विश्वदृष्टी’त व्याकरणाची चूक काही नाही. पण विश्व म्हटले की मराठी माणसाला ग्रहतारे आठवतात, नाहीतर पसायदानातला विश्वात्मक देव. शाळेचा डबा, क्लासची फी, मित्राने पाठवलेला व्हिडिओ हे त्या शब्दात मावत नाही. ‘जगदृष्टी’ची अडचण निराळी, आणि ती ख्रिस्ती कानालाच कळेल. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ हे मुलांना लहानपणापासून पाठ असते. त्याच योहानाच्या नावावर असलेल्या पहिल्या पत्रात मात्र ‘जगावर व जगातल्या गोष्टींवर प्रीती करू नका’ अशी आज्ञा आहे. पहिल्या ठिकाणी जग म्हणजे माणसे, दुसऱ्या ठिकाणी देवाला पाठमोरी झालेली राहणी. मंडळीच्या रोजच्या बोलण्यात हा दुसराच अर्थ जास्त रुळलेला आहे. त्यामुळे ‘ख्रिस्ती जगदृष्टी’ वाचून निम्मी मुले बुचकळ्यात पडतील. शिबिरात मात्र ही दोन वचने शेजारी शेजारी ठेवून एक पूर्ण तास घ्याच. सगळा विषय तिथून उलगडतो.

मग ‘जीवन’ कुठून आले? ‘वर्ल्डव्ह्यू’ हे ज्याचे भाषांतर, त्या ‘वेल्टआनशाउंग’ या मूळ जर्मन शब्दात जग आहे, जीवन नाही. तत्त्वज्ञ कांटने तो १७९० साली वापरला तेव्हा अर्थही बराच वेगळा होता. ख्रिस्ती विचारात तो रुजला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, स्कॉटलंडचे जेम्स ऑर आणि हॉलंडचे अब्राहम कायपर या धर्मशास्त्रज्ञांमुळे. कायपर यांनी १८९८ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला जी व्याख्याने दिली, त्यांतल्या पहिल्याचा विषयच ‘जीवनपद्धती’ असा होता. डच भाषेत या विचारासाठी जग आणि जीवन या दोन्हींकडे पाहणे अशा अर्थाचा जोडशब्द चालत आलेला आहे. कायपर धर्मोपदेशक तर होतेच, शिवाय वर्तमानपत्र चालवत, १८८० साली त्यांनी विद्यापीठ काढले आणि १९०१ ते १९०५ ते देशाचे पंतप्रधान होते. त्यांच्या दृष्टीने श्रद्धेचा संबंध रविवारच्या उपासनेपुरता नव्हता, तो शाळेशी, बाजाराशी, कायद्याशीही होता. तेव्हा मराठीत ‘जीवन’ घेतले तर मूळ कल्पनेपासून आपण दूर जात नाही, उलट तिच्या गाभ्याजवळ जातो.

‘दृष्टिकोन’ मी मुद्दाम टाळतो. दृष्टिकोन एकेका विषयाबद्दल असतो आणि दुपारी बदलताही येतो. दृष्टी माणसाबरोबर सगळीकडे जाते.

‘संस्कार शिबिर’ लिहू नका, असे आग्रहाने सांगेन. एक तर कॅथलिक मराठीत संस्कार म्हणजे स्नानसंस्कारासारखे (बाप्तिस्म्यासारखे) सात विधी, त्यामुळे त्या घरांतून येणाऱ्या मुलांचा गोंधळ होईल. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. मराठीत संस्कार मोठ्यांनी करायचे असतात आणि लहानांनी करून घ्यायचे असतात. पाचवीपर्यंत हे चालते. अकरावीतल्या मुलीला मात्र ‘का?’ विचारायचे असते, आणि विचारू दिले नाही तर ती शिबिरात मान डोलावते आणि घरी जाऊन तिला हवे तेच करते. बायबलातल्या पत्रात पौलाने रोमकरांना लिहिताना ‘ह्या युगाबरोबर समरूप होऊ नका’ असे सांगून पुढे मनाच्या नवीकरणाची गोष्ट काढली आहे. मन नवे व्हायचे तर ते आधी कामाला लागले पाहिजे. दृष्टी दुसऱ्याकडून उसनी घेता येत नाही.

आता तुम्ही न विचारलेला, पण शिबिरात हमखास आडवा येणारा शब्द: संस्कृती. पुस्तकांत कल्चर म्हणजे माणसे जे जे घडवतात ते सगळे. आपल्याकडे ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणजे गॅदरिंगमधला नाच, आणि ‘आपली संस्कृती’ म्हणजे सणवार, नेसण, रूढी. ख्रिस्ती घरातल्या मुलाला त्यात आणखी एक बोच असते, ही ‘आपली’ म्हणजे नक्की कुणाची? म्हणून माझी सूचना अशी की सुरुवात बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायापासून करा. देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले ते कशासाठी? मराठी पवित्र शास्त्र सांगते, तिची ‘मशागत व राखण’ करण्यासाठी. कल्चर या शब्दाचे लॅटिन मूळही जमीन कसणे हेच आहे. आणि मशागत हा मुळात अरबी, कष्ट या अर्थाचा शब्द, आपल्या भागात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. तासगावकडच्या मुलांना द्राक्षबागेतली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी तोंडपाठ असते.

तिथूनच रोजच्या प्रश्नावर या. बेदाण्याची प्रतवारी चालू आहे. खोक्यात तळाला डागी, बारीक माल, वरच्या थराला टपोरा, हिरवा, एकसारखा. हे करायला सांगणारा वडीलधारा आहे आणि करणारा मुलगा रविवारी गायनमंडळात गातो. हे काम ‘आध्यात्मिक’ की ‘जगिक’, म्हणजे ऐहिक? मुलांना पंधरा मिनिटे भांडू द्या. मध्ये पडू नका.

कारण खरा अडसर या ‘जगिक’ शब्दाचा आहे. मंडळीच्या बोलीत जगिक गाणी, जगिक मित्र, जगिक शिक्षण असे सर्रास म्हणतात, आणि त्यातून आयुष्याचे दोन कप्पे पडतात. मराठी मनाला ही विभागणी अनोळखी नाही. सज्जनगड साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच आधी प्रपंच नेटका करा, मग परमार्थाकडे वळा, असे सांगितले. प्रपंचाला त्यांनी मान दिला, हे मोठेच. पण त्यात ‘आधी’ आणि ‘मग’ आहे. जीवनदृष्टीच्या शिकवणीत हा क्रम नाही. खोके भरणे हीच त्या मुलाची उपासना, किंवा तिचा भंग.

आणि हे शिकवण्यासाठी सगळा ऐवज बाहेरून आणायला नको. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. छत्रपतींच्या गादीच्या गावात ‘दरबार’ या शब्दाला केवढे वजन असेल! राजा सगळ्या मुलखाचा असतो, एका कोपऱ्याचा नसतो, हे त्या एका शब्दात प्रत्येकाला समजत होते. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले तेही याच वृत्तीने. मुलांना साताऱ्याची सहल घडवता आली तर घडवा, नाहीतर निदान त्यांचे अभंग चालीवर म्हणून घ्या.

आता फलकाचा मजकूर. मोठ्या अक्षरात ‘ख्रिस्ती जीवनदृष्टी’ आणि खाली बारीक ‘अभ्यास, मोबाइल, पैसा, मैत्री: रोजच्या जगण्यात येशूमागे’. ‘ख्रिश्चन’ऐवजी ‘ख्रिस्ती’ ठेवा, मराठी विशेषण तेच. ‘जीवनदृष्टी’तली टी दीर्घ. फलकवाले हिंदीच्या सवयीने ऱ्हस्व करतात, तेव्हा छापण्याआधी नमुना मागून घ्या. पत्रिकेत कुठे ‘दृष्टिकोन’ आलाच तर तिथली टि मात्र ऱ्हस्व आणि शेवटी न, ण नव्हे.